पाणी उतरलं, ताई

ताई,

स.न.वि.वि.

तुमचं नाव मला माहीत नाही. कोटाला लावलेली पाटी वाचण्याएवढा डोळा शाबूत असता, तर तुमच्या खोलीत आलोच नसतो. तेव्हा 'ओसीटी, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो, काढणाऱ्या ताई' एवढ्यावरच भागवून घ्या.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. चाळीस वर्षं पट्ट्या आणि खतावण्या लिहितोय. डिसेंबरात उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. आठ दिवसांत जग धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ झालं. आणि पाचव्या आठवड्यात, नव्या हळदीचे सौदे सुरू होत असताना, खतावणीच्या रेघा मधोमध वाकायला लागल्या. कागदावर कुणी तुपाचं बोट टेकवलंय असं वाटायचं. मी दोनदा पान बदलून बघितलं.

ऑपरेशन झालं होतं तिथं गेलो. तक्त्यावरची अक्षरं अडखळत का होईना, बऱ्याच खालपर्यंत वाचली. भिंग जागेवर आहे, डोळा लाल नाही, चष्मा बदला, म्हणाले. बाहेरून डोळा निर्मळच होता, त्यामुळं त्यांना फार बोल लावत नाही. चष्मा झाला, पैसे गेले, रेघा तशाच.

तुम्ही मात्र मशीन सुरू करायच्या आधी विचारलंत, "काका, दाराची चौकट सरळ दिसते का?" उजव्यानं बघितलं की मधेच दबल्यासारखी दिसते, असं मी म्हटलं. घरी हेच सांगितलं तेव्हा नातू हसला होता. तुम्ही लिहून घेतलंत.

मग ती हनुवटी टेकवायची पट्टी. पहिल्या फोटोला मी पापणी मिटली, दुसऱ्याला डोळा हलवला. बाहेर बाकडी भरलेली, कुणीतरी दारातनं दोनदा डोकावून गेलं. तेवढ्यावरच 'फोटो नीट आला नाही' असा शेरा मारून मला पुढं पाठवता आलं असतं. तुम्ही कृत्रिम अश्रूंचा थेंब घातलात, पापणी बोटानं अलगद वर धरलीत आणि म्हणालात, "फुलीकडं बघा, घाई नाही." काही सेकंदांचं काम, माझ्यापायी पंधरा मिनिटं चाललं. सुई नाही, क्ष-किरण नाहीत. डोळ्यात उजेड सोडायचा आणि पडद्याच्या थरांवरून तो कसा परततो ते मोजायचं, हेही तुम्हीच सांगितलंत.

चित्र माझ्याकडं वळवलंत ते तर विसरणं शक्य नाही. निरोगी डोळ्यात पडद्याच्या मध्यभागी बशीसारखी खळगी असते. माझ्या तिथं टेकाड, आणि टेकाडाच्या पोटात काळे बुडबुडे. २०१९ च्या पुरानंतर आमच्या घराच्या भिंतीला असेच फुगे आले होते, वर रंगाचा पापुद्रा आणि आत ओल. तसं म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, "अगदी तसंच, काका. पाणी भरलंय." जाडी ४३० मायक्रॉन, असायला हवी अडीचशेच्या आसपास. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पाव मिलिमीटरही न भरणाऱ्या फुगवट्यानं माझी अख्खी खतावणी वाकवली होती!

रिपोर्ट घेऊन तुम्ही स्वतः डॉक्टरांकडं गेलात, म्हणून त्याच दिवशी औषध सुरू झालं. ऑपरेशननंतरच्या दाहानं पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपतात, मला साखर असल्यानं धोका जास्त, असं त्यांनी समजावलं. फुगवटा साखरेचा की ऑपरेशनचा हे बघायला हातात पिवळा रंग टोचून आणखी फोटो काढले. त्यात फुलाच्या पाकळ्या उमटल्या. पुढं दिवसभर लघवी हळदीच्या पाण्यासारखी. हळदीच्या दिवाणजीला याहून शोभेल असं काय?

आजाराचं नाव ऐकून मी चाटच पडलो. आयर्विन-गॅस. म्हटलं, आयर्विन तर सांगलीतला आमचा कृष्णेवरचा पूल, गॅस कुणाचा? डॉक्टर हसले. आपल्या पुलाला नाव व्हाईसरॉयचं. हा आयर्विन अमेरिकेतला डोळ्यांचा डॉक्टर, त्यानं १९५३ साली हे दुखणं लिहून ठेवलं. आणि गॅस नावाच्या डॉक्टरनं १९६६ साली असेच रंग टोचून फोटो काढून आतली गळती दाखवली. पण घरात एकदा आयर्विन शब्द पडला की सुटका नाही. पुराच्या दिवसांत सांगलीकर 'आयर्विनला किती फूट?' विचारतात, चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. तसं आमच्याकडं प्रत्येक स्कॅननंतर सुरू झालं, "आज किती मायक्रॉन?" सहा आठवडे दोन प्रकारचे थेंब, कडक वेळापत्रकानं. ४३०. मग ३५२. परवा २७१. तुम्ही आकडा वाचायच्या आधीच मी मशीनच्या चित्रात खळगी बघितली, पुन्हा बशीसारखी.

रेघा सरळ आहेत. अगदी बारीक बघितलं तर एका जागी किंचित बाक दिसतो, पण पट्टी लिहायला अडत नाही.

त्या दिवशी राजापुरी हळदीची पिशवी आणली होती, ती तुम्ही घेतली नाहीत, म्हणून हे पत्र. दिवाळीनंतर डावा डोळा करायचाय. साखर तोवर आटोक्यात आणतो. मशीनसमोर पापणी मिटली तर या वेळी सरळ रागवा.

आपला,
हळदीच्या अडतीवरचा दिवाणजी
सांगली