झुडपांची छाटणी मे महिन्यात नको

संपादक महोदय,

पावसाळा तोंडावर आला की गृहनिर्माण संस्था आवारातील झाडांच्या धोकादायक फांद्या उतरवून घेतात, आणि ते योग्यच आहे. मात्र माणसे आलीच आहेत म्हणून त्याच दिवशी कुंती, तगर, एक्झोरा, जास्वंद ही सदाहरित झुडपेही गुडघ्याएवढी करून टाकण्याची जी पद्धत पुण्यात जागोजागी दिसते, तिला माझा आक्षेप आहे. चार फुटी कुंती वादळात कोणाच्या मोटारीवर पडणार नाही. तिच्या छाटणीची वेळ तिच्या वाढीवरूनच ठरायला हवी.

सदाहरित झुडूप पानगळीच्या झाडासारखे विश्रांती घेत नाही, त्याची पाने बाराही महिने कामावर असतात. मे महिन्याच्या उन्हात ती सगळी काढली, की आजवर सावलीत वाढलेली साल भाजून तडकते आणि पाऊस सुरू होताच त्या भेगांतून बुरशी शिरून फांद्या शेंड्याकडून वाळत येतात. शिवाय याच दिवसांत बुलबुल आणि शिंपी पक्ष्यांची घरटी अशा झुडपांत असतात. द्राक्षाची खरड छाटणी, म्हणजे वेलीच्या सगळ्या काड्या अगदी आखूड कापणे, एप्रिलमध्येच होते, असे कोणी म्हणेल. पण द्राक्ष हा मुळात पानगळीचा वेल आहे आणि त्या छाटणीमागोमाग बागायतदार पाण्या-खताची जी मेहनत घेतो, ती सोसायटीच्या आवारात कोण घेतो?

वरील चारही झुडपांना फुले नव्या फुटव्यावर येतात. म्हणून थंडी ओसरताना, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मुख्य छाटणी केली, तर कडक उन्हाळ्याआधी पाला भरून येतो. एका वेळी एकतृतीयांशाहून अधिक वाढ काढू नये. खालून उघडे पडलेले जुने झुडूप नवे करायचे असल्यास दरवर्षी सर्वांत जुन्या फांद्यांपैकी काही बुडाशी कापून ते काम तीन वर्षांत पुरे करावे. अनंताची छाटणी मात्र बहर सरल्यावर लगेच आणि हलक्या हाताने करावी, कारण उशीर झाला तर पुढच्या बहराच्या कळ्याच कापल्या जातात. मोरपंखीला पाला नसलेल्या जुन्या लाकडातून सहसा पुन्हा फूट येत नाही, हे तर कात्री हाती घेण्यापूर्वीच माहीत असायला हवे. कण्हेर विषारी असल्याने हातमोजे घालावेत, आणि तिच्या फांद्या जाळू नयेत किंवा जनावरांपुढे टाकू नयेत.

कुंपण कातरताना बूड रुंद आणि माथा किंचित अरुंद ठेवावा, म्हणजे खालच्या पानांनाही ऊन मिळते. आपल्याकडे नेमके उलटे होते, आणि मग खाली नुसत्या काटक्या उरल्या की माळ्याला दोष दिला जातो.

संस्थांनी बागेचा वार्षिक करार करताना झुडपांची छाटणी झाडांच्या छाटणीपासून वेगळी नोंदवावी आणि तिचा महिना व मर्यादा त्यातच लिहावी. यंदा फेब्रुवारी हुकला असेल, तर पाऊस सरेपर्यंत वाटेत आलेले शेंडे खुडण्यापलीकडे काही करू नये.

— एक वाचक, पुणे