तू एन्स्खेडेमध्ये ऐकू आलास

ठाणे,
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय सदाशिव,

सप्रेम नमस्कार.

अडीच वर्षांनंतर माझे अक्षर पाहून तू आधी पाकीट उलटसुलट करून पाहशील आणि मग वहिनींना विचारशील, की कोण गेले. कोणीही गेलेले नाही. माझी साखर गोळ्यांनी आटोक्यात आहे, सुलभाचा खांदा दुखायचा तसा दुखतो, आणि प्रकृतीचे प्रकरण मी इथेच संपवतो. गेल्या मंगळवारी रात्री जे घडले ते सुलभाला सांगून पाहिले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "मग फोन करायचा होता ना." तिचे काही चुकले नाही. पण तिला सांगून जे कळणार नाही ते तुला निम्म्या वाक्यात कळेल, म्हणून लिहायला बसलो.

कोजागिरीचा दुसरा दिवस होता. रात्री पावणेनऊच्या सुमारास मी हॉलंडमधल्या एन्स्खेडेच्या ट्वेंटे विद्यापीठाचा तो रिसिव्हर, इंटरनेटवरून कोणालाही ऐकता येणारा, संगणकावर उघडून बसलो होतो. (होय, तोच. पत्र फाडू नकोस, पुढे वाच.) १४ मेगाहर्ट्झवरचा आपल्या हौशी रेडिओवाल्यांचा मोर्सचा भाग पडद्यावर लावला होता आणि वॉटरफॉलवर, म्हणजे सिग्नल दाखवणाऱ्या त्या चित्रावर, नेहमीच्या बारीक रेघा तुटत तुटत खाली सरकत होत्या. त्यांतली एक रेघ इतरांपेक्षा संथ होती. इतरांचे ठिपके यंत्राने पाडल्यासारखे एकसारखे, आणि हिचे हाताने भरड दळल्यासारखे. मी तिच्यावर टिचकी मारली, कानाला हेडफोन लावला, आणि 'सी क्यू', म्हणजे 'कोणी आहे का' ही सर्वांना हाक, ऐकताक्षणी खुर्चीत सरळ झालो. क्यूचा शेवटचा डॅश इतका लांब ओढणारा, की ज्याला मास्तर "सद्या, तुझी बैलगाडी घाटात अडकली" म्हणायचे, असा माणूस माझ्या माहितीत एकच आहे. तो डॅश पडद्यावरही लांब दिसत होता, दोन बोटे रुंद जागेत एखादी दोऱ्याची गाठ असावी तसा. कॉल साइन, म्हणजे परवान्यावरचे रेडिओचे नाव, पुरी होण्याच्या आत मला तू कळलास.

गेल्या वर्षी नानाने मला सांगितले होते, की तू सेट विकलास, खांब उतरवलास आणि तार कार्यालयातून आणलेली ती मोर्स ठोकायची पितळी की माळ्यावर टाकलीस. म्हणजे तू नानाशी खोटे बोललास, किंवा नाना माझ्याशी खोटे बोलला. दोघांच्याही स्वभावात ते बसते. तरी खात्री करावी म्हणून मी स्किमरांच्या, म्हणजे मोर्स आपोआप वाचून टिपणाऱ्या यंत्रांच्या, नोंदी पाहिल्या. युरोपातल्या दोन यंत्रांनी तुझी कॉल साइन आपापली टिपून ठेवली होती आणि वेग नोंदवला होता मिनिटाला सोळा शब्द. तू गेली वीस वर्षे सर्वांना वीस सांगत आला आहेस, हे मी इथे केवळ नोंद म्हणून लिहून ठेवतो.

माझी पहिली हालचाल मात्र अगदी जुन्या सवयीची होती. शेजारी ठेवलेला सेट चालू केला, १४०२८ किलोहर्ट्झवर आणला आणि माझ्या स्वतःच्या वायरवर तुला शोधू लागलो. गच्ची वॉटरप्रूफिंगसाठी उकरली तेव्हा सोसायटीने माझा डायपोल ॲन्टेना उतरवायला लावला, तो पुन्हा चढू दिलेला नाही. आता बाल्कनीच्या कठड्यावरून कपडे वाळत घालायच्या दोरीला समांतर नेलेली वायर आहे, आणि खालून एलईडी दिवे, लिफ्ट आणि समोरच्या इमारतीवरचा सोलरचा इन्व्हर्टर यांची अहोरात्र गुरगुर आहे. त्या गुरगुरीत तू नव्हतास. मी फिल्टर अरुंद केला, डोळे मिटले, श्वास रोखला, तरीही तू नव्हतास. डाव्या कानात ठाण्याची नुसती घरघर, आणि उजव्या कानात हॉलंडहून आलेला तुझा सोळा शब्दांचा हात.

कारण तुला सांगायला नको. आपण अडीचशे किलोमीटरवर आहोत आणि १४ मेगाहर्ट्झला ते फार जवळ आहे. जमिनीलगतची लाट तुझ्या डोंगरापलीकडे मरते, आणि वर गेलेली आयनोस्फिअरवरून उतरते ती कुठल्या कुठे. ओसरीवर बसून मास्तर चेंडू तिरका उडवून दाखवायचे, की बघा, तो पायाशी कधी पडणार नाही, तो अंगणाच्या पलीकडे जाईल. स्कॅटरने, म्हणजे विखुरून, तुझा पुसटसा अंश इकडे आलाही असेल, पण इन्व्हर्टरच्या बाजारात तो कोणाला ऐकू येणार? अडीचशे किलोमीटरवरचा माणूस सात हजार किलोमीटरवर स्वच्छ वाजतो आणि घरात वाजत नाही, हे मी परीक्षेच्या पेपरात लिहून गुण मिळवले आहेत. मंगळवारी ते पहिल्यांदा अंगावर आले.

आता मूळ गोष्टीकडे येतो. तू तीनदा सी क्यू दिलेस आणि कोणी आले नाही. चौथ्यांदा मला राहवले नाही. दहा वॅट, कपड्यांच्या दोरीजवळची वायर, आणि तुझ्या संथपणाला साजेल असा हात, एवढ्या भांडवलावर मी तुला उत्तर दिले. तुझी कॉल साइन, मग माझी, दोनदा, आणि शेवटी 'के', म्हणजे 'आता तू बोल'. एखाद्या सेकंदाने पडद्यावर तुझ्या रेघेच्या केसभर उजवीकडे एक फिकट रेघ उमटू लागली. ती मी होतो. सदाशिव, आपण दोघे त्या क्षणी एन्स्खेडेमध्ये शेजारी शेजारी उभे होतो. मास्तरांच्या ओसरीवर एकाच बाकावर बसून एकाच बझरसाठी भांडायचो, त्याहूनही जवळ. आणि तुला माझा पत्ता नव्हता. तू थोडा थांबलास, काही ऐकू आले नाही असे ठरवलेस आणि पुन्हा सी क्यू सुरू केलेस, तोच लांब क्यू घेऊन. मी पुन्हा हाक दिली. तिसऱ्यांदा देणार तोच एक पोलिश स्टेशन आले, त्याने तुला ५७९, म्हणजे सिग्नल चांगला असल्याचा आकडा, दिला, आणि तू ज्या उत्साहाने त्याला नाव-गाव सांगितलेस त्यावरून तुझा चेहरा मला दिसला. त्याला मात्र मी मध्ये लुडबुडणारा कोणी आगाऊ वाटलो असणार. त्याने पोलिशमध्ये मला जे काही म्हटले असेल ते मी स्वीकारतो.

तेव्हापासून पाच दिवस मी एका प्रश्नापाशी अडून बसलो आहे, आणि तो प्रश्न सोडवण्याचा अधिकार तुझा आहे, कारण भांडण तुझेच होते.

फेब्रुवारी २०२३ मधले बूवे बेट आठव. ते दक्षिण अटलांटिकमधले वारा-बर्फातले निर्मनुष्य बेट, तिथे रेडिओ घेऊन तंबू ठोकून बसलेली ती मंडळी, आणि त्यांच्याशी संपर्क व्हावा म्हणून सारे जग त्यांच्यामागे. माझ्या वायरवर ती मंडळी मला एकदाही ऐकू आली नाहीत. मी ट्वेंटेवर त्यांना ऐकले, माझ्या सेटवरून हाक दिली, ट्वेंटेवरच माझी कॉल साइन त्यांच्या तोंडून परत ऐकली, आणि वहीत नोंद केली. नंतर हौसेने तुला फोन केला. तू अभिनंदन करण्याऐवजी विचारलेस, "कुठल्या ॲन्टेनावर ऐकलेस?" मी सांगितले. तू म्हणालास, "मग ते बूवे तुला मिळाले नाही, त्या डच माणसांना मिळाले."

त्यावर मी जे जे बोललो त्यातले थोडे मला आजही बरोबर वाटते, म्हणून पुन्हा लिहितो. तिथे कोणी कोणाच्या रिसिव्हरचे बटण फिरवत नाही. शून्यापासून २९ मेगाहर्ट्झपर्यंत ॲन्टेनावर जे पडते ते सगळेच्या सगळे एकदम आकडे होऊन संगणकात उतरते आणि शेकडो माणसे एकाच वेळी आपापला घास उचलतात. कोणी कोणाच्या ताटात हात घालत नाही. पीटर-त्यर्क दे बूर यांनी ही युक्ती काढली तीच मुळी ड्विंगेलूच्या पंचवीस मीटरच्या रेडिओ दुर्बिणीसाठी, चंद्रावर आपटून परतणारे हौशी लोकांचे संदेश घरबसल्या ऐकता यावेत म्हणून. पंचवीस मीटरची थाळी कोणी गच्चीवर बांधू शकत नाही, सोसायटी असो वा नसो. आणि हे खूळ माझ्या डोक्यात घातले कोणी? २००८ साली ट्वेंटे सुरू झाले तेव्हा मला तर कळलेही नव्हते. नोव्हेंबर २०१० मध्ये ते बंद पडले आणि जुलै २०१२ मध्ये परत आले, तेव्हा "विन्या, आले रे परत" एवढ्या तीन शब्दांचे पोस्टकार्ड पाठवणारा गृहस्थ रत्नागिरीतच राहतो. कार्ड माझ्याकडे आहे. पंजापेक्षा लहान अशा त्या मिनी-व्हिप ॲन्टेनाचे कौतुक करून तुझ्या बांबूवरच्या डायपोलला नावे ठेवणाराही तूच होतास.

(आणि विन्याच्या पुढे स्वल्पविराम टाकलास म्हणून ते तीन शब्द की चार, यावर आता वाद घालू नकोस.)

पण ऐकणे वेगळे आणि नोंद करणे वेगळे, हा तुझा मुद्दा होता, आणि मी तो तेव्हा मुद्दाम ऐकला नाही. डीएक्ससीसीचा, म्हणजे देशोदेशींशी संपर्काच्या त्या पुरस्काराचा, नियम मला पाठ होता. तुझा ट्रान्समीटर आणि तुझा रिसिव्हर पाचशे मीटर व्यासाच्या वर्तुळात असले पाहिजेत. माझा ट्रान्समीटर ठाण्यात आणि कान हॉलंडमध्ये. मी म्हणालो, नियम पुरस्कारांसाठी आहेत, मी कुठे पुरस्कार मागतो? तू म्हणालास, "मग वहीत कशाला लिहिलेस?" आणि मी फोन ठेवला. एवढ्यावर दोन शहाणी माणसे अडीच वर्षे बोलली नाहीत, हे नातवंडांना कसे समजावायचे ते तूच ठरव.

मंगळवारी रात्री पोलिश गृहस्थाचे आणि तुझे चालले असताना मी वही उघडली. तारीख घातली, वेळ १५:१७ यूटीसी (आपल्या घड्याळात पावणेनऊ), १४०२८, तुझी कॉल साइन. आरएसटीच्या, म्हणजे सिग्नलच्या गुणांच्या, रकान्यापाशी पेन थांबले. तुला काय लिहू? मला तू ५७९ ऐकू आलास हे खरे, पण ते त्या डच छपरावर. माझ्या छपराखाली तू शून्य होतास. तू मला काय दिलेस? काहीच नाही, तुला मी आलोच नाही. मग ही भेट झाली की नाही झाली? तुझ्या नियमाने झाली नाही, आणि ते मला मान्य आहे. पण मग बूवेचे काय? त्यांना तर मी खरोखर ऐकू आलो होतो, त्यांनी मला उत्तर दिले होते, म्हणजे अर्धी गोष्ट खरी होती. मंगळवारच्या गोष्टीत तेवढेही खरे नाही आणि तरी मला ती बूवेपेक्षा मोठी वाटते. बूवेची ओळ मी पेन्सिलने खोडली, मग खोडरबराने पेन्सिल पुसली, मग पुन्हा खोडली. सुलभाने विचारले, काय खरवडतोयस एवढ्या रात्री.

एक लाजिरवाणी गोष्टही सांगून टाकतो. बुधवारी मी इंटरनेटवरून ऐकता येणाऱ्या किवी नावाच्या रिसिव्हरांच्या यादीत शिरलो होतो. न्यूझीलंडमध्ये जन्मलेली ती छोटी पेटी आता जगभर लोकांच्या घरी आहे. तीन ठिकाणच्या पेट्यांवर एकच सिग्नल किती फरकाने पोहोचला ते जीपीएसच्या घड्याळावरून मोजले, की नकाशावर ढोबळ ठिपका पडतो. तू रत्नागिरीच्या घरातून बोलतोस की पुण्याला लेकीकडे गेला आहेस, ते मला पाहायचे होते. दोन पेट्यांवरच्या चारही जागा भरलेल्या निघाल्या, तिसरी उघडेपर्यंत माझे मलाच हसू आले. ज्याचा नंबर चाळीस वर्षे तोंडपाठ आहे त्याचा ठावठिकाणा काढायला तीन देश कामाला लावणारा मी.

चिन्मयीचे लग्न ठरल्याचे नानाकडून कळले, फार आनंद झाला, तारीख कळव. वहिनींचा गुडघा झाला की अजून तारखाच घेणे चालू आहे? माडीचे छप्पर या पावसात गळले का?

आता माझी विनंती. १९ तारखेला रविवार आहे, धनत्रयोदशीच्या दुसऱ्या दिवशी. सकाळी नऊ वाजता तू ७ मेगाहर्ट्झवर ये, ७०२५ च्या आसपास. सकाळची वेळ आहे, हा ४० मीटरचा बँड सरळ डोक्यावरून उतरतो, अडीचशे किलोमीटरला तो कधी नाही म्हणत नाही, आणि दिवाळीच्या माळांची घरघर त्या वेळी झोपलेली असते. मी संगणक बंद ठेवीन. इन्व्हर्टरला काही करता येत नाही, पण लिफ्ट नऊ ते सव्वानऊ थांबवायचे वॉचमनने कबूल केले आहे. फराळाच्या बदल्यात. माझी वायर त्या बँडला आखूड आहे, तेव्हा तू हाक दे, मी उत्तर देईन, आणि पहिल्या फेरीत ऐकू आले नाही तर चिडून सेट बंद करू नकोस. सोळा शब्दांनीच दे.

बूवेची ओळ तोवर पेन्सिलने खोडलेल्या अवस्थेत आहे. मंगळवारच्या ओळीत आरएसटीचे दोन्ही रकाने कोरे आहेत.

वहिनींना नमस्कार, चिन्मयीला आशीर्वाद. ७३, म्हणजे आपल्या मोर्सच्या भाषेतल्या शुभेच्छा.

तुझा,
विनायक

ता. क. ॲन्टेना तपासायचा तुझा एसडब्ल्यूआर मीटर माझ्याकडे नाही. तो नानाकडे आहे, त्याच्या दिवाणखान्यात टीव्हीच्या मागे, मी डोळ्यांनी पाहिला आहे.