पस्तीस इंची म्हणून विकलेल्या चौतीस इंची बेस गिटारबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन वाद्यविक्री विभाग

विषय : वर्णनाशी न जुळणारी पाच तारांची बेस गिटार परत घेऊन पूर्ण रक्कम मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

तुमच्या संकेतस्थळावरून मी पाच तारांची बेस गिटार मागवली. किंमत ₹६४,५००, पैसे आगाऊ भरले, बिल सोबत जोडलं आहे. वर्णनात दोन गोष्टी ठळक अक्षरांत होत्या : स्केल (तारेची वाजणारी लांबी) ३५ इंच आणि दोन्ही पिकअप (तारेचं कंपन टिपणारे चुंबकी भाग) हंबकर, म्हणजे विजेची घरघर मारणारे दोन कॉइलचे. आलेल्या वाद्यात या दोन्ही नाहीत. माझी तक्रार रंगाची किंवा ओरखड्याची नाही. (रंग फोटोपेक्षाही छान आहे, तेवढं मान्य.)

तुमच्या ग्राहक सेवेतल्या ताईंनी फोनवर विचारलं, "सर, एका इंचानं काय फरक पडतो?" लेखी उत्तर देतो, म्हणजे पुढच्या ग्राहकालाही उपयोग होईल.

मी सांगली-मिरज भागात ऑर्केस्ट्रात वाजवतो. आमच्याकडे गाण्याची पट्टी गायकाच्या गळ्यावर ठरते. तालमीत पांढरी तीनमध्ये बसवलेलं गाणं कार्यक्रमात ऐनवेळी "दादा, आज पांढरी एक घ्या" म्हणून खाली उतरतं. चार तारांच्या बेसवर सर्वांत जाड ई तारेच्या (पांढरी तीन) खाली काहीच नसतं, त्यामुळे सगळा बेस वरच्या सप्तकात ढकलावा लागतो आणि गाण्याचा बुडच निघून जातो. पाचवी, म्हणजे बी तार असली की पहिल्याच फ्रेटवर (पडद्यावर) खालचा सी, म्हणजे पांढरी एक, मिळतो. माझ्यासारख्याला पाच तारा लागतात त्या एवढ्यासाठी, दिसायला भारी म्हणून नाही.

पण बी तारेचा सूर जेमतेम ३१ हर्ट्झचा. ई ४१चा. इतक्या खालच्या सुराची तार ढिली पडली की सूर न येता नुसती भदभद येते. त्यात मैदानावरचे स्पीकर ३१ हर्ट्झ नीट वाजवतच नाहीत, ऐकणाऱ्याला कळतात ते वरचे स्वरांश. ते स्वच्छ यायला तारेला ताण हवा. तीच तार, तोच सूर ठेवून लांबी ३४ची ३५ इंच केली की ताण साधारण ६ टक्क्यांनी वाढतो. एका इंचानं पडणारा फरक तो हा. काही कंपन्या याच कारणासाठी तिरप्या फ्रेटचे बेस काढतात, त्यात बी तार ३७ इंचांपर्यंत जाते. ते माझ्या बजेटबाहेर, आणि या वयात बोटांना नवी सवय लावायची माझी तयारी नाही. म्हणून ३५ इंच.

आता मोजमाप. नटपासून (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर दुप्पट केलं की स्केल निघतं. ३५ इंचांसाठी ते साडेसतरा इंच यायला हवं, माझ्या वाद्यावर बरोबर सतरा येतं. स्टीलची पट्टी ठेवून काढलेला फोटो जोडला आहे, त्यात आकडे स्वच्छ वाचता येतात. तुमच्या ईमेलमधला "ब्रिजपर्यंत मोजल्यास लांबी ३४ इंचांपेक्षा जास्त भरते" हा युक्तिवाद गैरलागू आहे. ब्रिजवरचे सॅडल (तारेचं दुसरं टोक टेकतं ते तुकडे) इंटोनेशनसाठी, म्हणजे सगळ्या फ्रेटवर सूर जुळावा म्हणून, मागेपुढे सरकवता येतात, जाड तारेचं सॅडल मागेच असतं. फ्रेट मात्र कारखान्यात एकदा बसले की बसले.

दुसरी गोष्ट पिकअपची. मी वर्षानुवर्षं प्रिसिजन धाटणीचा चार तारांचा बेस वाजवत आलोय. फेंडरनं १९५१ साली प्रिसिजन काढला आणि १९५७ साली त्याला दोन तुकड्यांचं पिकअप दिलं. ते तुकडे एकमेकांची घरघर मारतात, म्हणून तो बेस शांत असतो. टोन जाड आणि भरीव, ढोलकीची धुम आणि कीबोर्डचा डावा हात यांच्यामध्ये न हरवणारा. आमच्या दुसऱ्या ग्रुपमधल्या मित्राकडे जॅझ धाटणीचा आहे. १९६० सालच्या त्या रचनेत दोन सिंगल कॉइल (एकाच कॉइलची) पिकअप येतात. ब्रिजकडचं पिकअप एकट्यानं वाजवलं तर आवाज जरा नाकातून येतो, पण बोटांची प्रत्येक हालचाल ऐकू येते, आणि मला त्याचा हेवा वाटत आलाय. फक्त एक व्हॉल्यूम कमी केला की घरघर सुरू. दोन्ही पूर्ण उघडे असले तर ती आपसात मिटते. जॅझ बेस घेणारा हे माहीत असूनच घेतो.

तुमच्या वर्णनातला "दोन हंबकर" हा शब्द वाचून मला वाटलं, ब्रिजकडचा तो आवाज घरघरीशिवाय मिळेल. आलेल्या वाद्याचा ब्लेंड (दोन पिकअपचं मिश्रण ठरवणारा खटका) मध्यावर असेपर्यंत सगळं शांत असतं, एका बाजूला फिरवला की घरघर. तारांना हात लावला तरी ती जात नाही, म्हणजे अर्थिंगचा दोष नव्हे. वाद्य गळ्यात घालून जागेवरच गोल फिरलं की एका दिशेला वाढते, दुसरीला जवळजवळ नाहीशी होते. सिंगल कॉइलची ही ठरलेली खूण. हंबकरच्या आकाराच्या काळ्या डब्यात सिंगल कॉइल घालून पाठवली आहे. व्हिडिओ जोडला आहे, आवाज वाढवून ऐकावा.

मांडवात शेजारी डिमर, एलईडी वॉल, जनरेटर असतात. आपल्या विजेची घरघर ५० हर्ट्झची, आणि ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी ४९ हर्ट्झचा. म्हणजे ती घरघर बेसच्या ऐन सुराला खेटून बसते. साउंडवाल्यानं ती इक्वलायझरनं कापली, तर माझा जी पण जातो.

यापुढचा भाग लिहिताना सभ्य भाषा टिकवायला जरा कष्ट पडताहेत. बी तार ढिली असल्याचं कळवल्यावर तुमच्याच तांत्रिक विभागानं लेखी सल्ला दिला की .१३० इंच जाडीच्या तारेऐवजी .१३५ची तार लावून सेटअप करून घ्या. तार स्वखर्चानं आणली. मिरजेत एका कारागिराकडून सेटअप केला. ताण वाढला, पण आवाज आणखी मंद झाला, आणि सॅडल पार मागे नेऊनही वरच्या फ्रेटवर सूर जुळेना. जाड तारेसाठी नटची खाच घासायला कारागिरानं साफ नकार दिला. म्हणाले, "लांबीच कमी आहे, तार किती जाड करत बसणार? आणि मी हात लावला की कंपनी हात वर करेल." तसंच झालं. नटला हात न लावताही तुम्ही परतीची विनंती फेटाळली. कारण काय, तर "मूळ तारा बदलल्यामुळे वाद्य वापरलेले समजण्यात येते". तारा बदलायला सांगणारं ईमेल आणि बदलल्या म्हणून नकार देणारं ईमेल, दोन्ही एकाच पत्त्यावरून आली आहेत. कृपया दोन्ही शेजारीशेजारी ठेवून वाचावीत.

"स्थानिक मेकॅनिकचे मत ग्राह्य धरता येणार नाही" असंही त्यात आहे. ज्या गावच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिथल्या कारागिराला तारेची लांबी मोजता येत नाही, असं तुम्हाला म्हणायचं असेल तर तसं सहीशिक्क्यानिशी कळवा. मी ते मिरजेत दाखवीन.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार जाहिरातीतल्या वर्णनाशी न जुळणारी वस्तू परत घ्यायला किंवा पैसे द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करणंही बंधनकारक आहे. माझ्या आधीच्या तक्रारीची पोच अजून आलेली नाही.

मला ३५ इंच स्केल आणि खरे हंबकर असलेलं वाद्य द्या. तुमच्याकडे तसं नसेल, आणि मला वाटतं नसावंच, तर हे तुमच्या खर्चानं घेऊन जा आणि बिलाची पूर्ण रक्कम, शिवाय तुमच्या सल्ल्यानं घेतलेल्या तारेचे आणि सेटअपचे पैसे परत करा. कूपन किंवा वॉलेटमधली रक्कम चालणार नाही. संकेतस्थळावरचं वर्णनही दुरुस्त करा. हे पत्र लिहितानाही तिथे ३५ इंचच दिसतंय. मुदतीत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आणि त्यानंतर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार नोंदवीन. २०१९च्या कायद्यानं मला ती माझ्या राहत्या जिल्ह्यात करता येते.

वाद्य मूळ खोक्यात, जुन्या तारांसह तयार ठेवलं आहे. कुरिअरवाल्याला संध्याकाळी पाचच्या आत पाठवा, त्यानंतर मी कार्यक्रमाला बाहेर असतो.

कळावे,
आपला ग्राहक,
एक बेसवादक, सांगली