तेवढं पातं बदल

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

रात्रपाळी उरकून थेट तलवारबाजीच्या स्पर्धेला निघणार म्हणालीस, तेव्हापासून एकच घोळतंय: ते वाकलेलं पातं बॅगेत आहे का? एपेचं, म्हणजे तुझ्या प्रकारच्या तलवारीचं, पातं गोलाईत वाकलं तर चालतं, नियमात 1 सेंटिमीटरच्या आत मुभा आहे. तुझं मात्र टोकाच्या वीतभर खाली कोनात वाकतं, दर वेळी तिथंच. पायाखाली धरून सरळ केलंस तरी पोलाद तिथे शिणलेलंच. नख फिरवून बघ. अडकलं तर पॉलिशपेपरने घास; खाच गेली तर नुसतं खरबरीत, तरीही अडकलं तर चीर. 1982 मध्ये रोमला समोरच्याचं पातं तुटलं आणि मास्कमधून घुसून तलवारबाज स्मिर्नोव्ह गेला. तुटतं एकाचं, लागतं दुसऱ्याला.

असो. टोकाच्या बटणावर 750 ग्रॅमचं वजन ठेव, दाबून सोड; स्प्रिंगने ते वर उचललं पाहिजे. 1.5 मिलिमीटरची पट्टी टोकाखाली गेली पाहिजे, 0.5 ची घालून दाबल्यावर वार नोंदवणारा दिवा लागता कामा नये. टोकाचे स्क्रू काढताना खाली फडकं पसर, मोहरीएवढे ते, एकदा घरंगळले की संपलं. आजीचं निळं फडकं अजून माझ्या पेटीत आहे, तुझ्या पहिल्या हत्याराचे स्क्रू त्यावरच ठेवायचो. मुठीपुढच्या वाटीवरचा गंज घासून काढ, नाहीतर वाटीवर बसलेला वारही समोरचीच्या खात्यात जातो. आणि पूलमध्ये, सुरुवातीच्या गटफेरीत, तर 5 वारांचाच खेळ!

झालं, लागलो शिकवायला. रागावू नकोस. नोकरी सोड असं मी कधीच म्हणणार नाही. ली कीफरने मेडिकल करता करता टोकियो ऑलिंपिकमध्ये फॉइल या दुसऱ्या तलवारीचं सुवर्ण घेतलं. लिमार्डो तर लंडन 2012 चा एपेचा विजेता, टोकियोच्या तयारीत सायकलवरून जेवण पोचवत होता. तूही दोन्ही निभावतेस, आईपाशी मी हे रोज बोलतो, तुझ्यापाशी बोलायला जमत नाही. फक्त नोकरी आधी खाते ती सरावानंतरची वीस मिनिटं: ओलं जॅकेट बाहेर काढणं, पातं पुसणं, वायरच्या पिना बघणं. दमलेल्या माणसाला चीर दिसत नाही गं.

दुसरं पातं जोडून, वजन लावून घे. झालं की नुसतं 'हो' कळव. झोपून उठल्यावर कळवलंस तरी चालेल. नको, निघण्याआधीच कळव.

तुझा,
बाबा