गाडीवर स्प्रिंग कापू नकोस

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन तू अर्ध्यातच ठेवलास. मी परत लावला नाही, दोघांचाही आवाज चढला असता आणि इकडे तुझ्या आईची झोप उडाली असती. म्हणून लिहितोय. लिहिताना माणूस जरा दमाने बोलतो.

गाडी खाली घ्यायला, म्हणजे तिची उंची कमी करायला, माझा विरोध नाही. खाली बसलेली गाडी उठून दिसते, वळणावर कमी झुकते, हे मलाही कळतं. आणि गाडी तुझ्या कमाईची आहे, आपल्या घरातली पहिली. ताईने फोटो दाखवला तेव्हा मी तो मोठा करून आधी टायर पाहिले, मग तुझा चेहरा. माझा जीव अडकलाय तो तुझ्या एका वाक्यात. "स्प्रिंग काढायचीही गरज नाही बाबा, मित्र म्हणतो गाडीवरच ग्राइंडरने कापू."

गाडीवर कापायची नाही. पुढच्या एका स्प्रिंगवर दोनशे-तीनशे किलोंचा भार असतो. ग्राइंडरची चकती वेढ्यातून पार झाली की तो सगळा जोर एका क्षणात सुटतो, आणि त्या वेळी तुझं तोंड चाकाच्या कमानीत असणार. काढून कापायची म्हटलं तरी निम्मंच काम सोपं होतं. स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र जोड, खाली उतरवला म्हणजे स्प्रिंग मोकळी झाली असं नाही. वरच्या पट्टीवर बाजूचे जे नट असतात ते फक्त स्ट्रटला गाडीच्या बॉडीशी धरून ठेवतात, ते बिनधास्त सोड. मधला एक नट शॉकअपच्या दांड्यावर असतो, आणि दाबलेल्या स्प्रिंगला तेवढाच आवरून धरतो. स्प्रिंग दाबून धरणारा कंप्रेसर लावल्याशिवाय त्याला पाना लावायचा नाही.

काकांचा डावा हात आठवतो ना? तू लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून त्यांची बोटं मोजायचास आणि दर वेळी चार भरली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचास. तुला वाटायचं आपलंच चुकतंय. ते हसायचे. त्या दिवशी वर्कशॉपमध्ये मी त्यांच्या पलीकडच्याच बेंचवर होतो. आवाज आला, आणि वरची पट्टी छताच्या पत्र्याला लागून खाली पडली. बोट नंतर दिसलं. हे मी तुला आजवर सांगितलं नव्हतं.

असो. मूळ मुद्द्यावर येतो. स्प्रिंगचा एक वेढा कापला की ती आखूड होते, हे तुझा मित्र सांगतो. ती कडकही होते, हे तो सांगत नाही. सहा वेढे काम करत असतील आणि एक गेला, तर कडकपणा वीस टक्क्यांनी वाढतो. दोन गेले तर पन्नास. जोर झेलायला तार कमी उरली, एवढंच त्याचं कारण. शॉकअप मात्र जुन्याच स्प्रिंगच्या हिशेबाने बनलेला. त्याला ही नवी उसळी आवरत नाही, गाडी खड्ड्यातून निघून पुढे दोन-तीनदा नाचते. खाली बसल्यामुळे बंप स्टॉप, म्हणजे शेवटी टेकणारं रबर, तेही जवळ आलेलं असतं. मागे चार माणसं बसली की वळणावर रबर टेकतं आणि त्या चाकाची पकड एकदम सुटू शकते. हळूहळू सुटली तर हाताला कळतं, एकदम सुटली तर कळायला वेळच मिळत नाही.

याहून वाईट एक गोष्ट आहे. जॅकवर गाडी उचल, चाक लटकू दे आणि स्प्रिंगला हात लाव. मूळची स्प्रिंग तेव्हाही घट्ट बसलेली असते. कापलेली हाताने फिरते, कधी ती ज्या बशीत टेकते तिच्यातून बाहेरही येते. उंचवट्यावरून गाडी पलीकडे उतरताना चाक असंच लटकतं. स्प्रिंग बशी सोडते आणि परत बसताना तिरकी बसते. खालच्या बशीत एक पायरी असते, तारेचं टोक तिला टेकून राहायला हवं. काही स्प्रिंगांचं टोक आत वळवून लहान केलेलं असतं; ते कापलं तर ती कशातच बसत नाही.

आणि गॅसने तापवून बसवायचं कोणी सुचवलं तर तिथून उठून ये. तापवून पाणी, म्हणजे टेंपर, उतरलेलं पोलाद म्हणजे नुसती तार. आज हवी तेवढी बसेल, महिन्याभराने आणखी बसेल, दोन्ही बाजूंना वेगवेगळी.

पुन्हा व्याख्यान झालं. रागावू नकोस. तुला हे कळत नाही असं मला वाटत नाही, उलट तुझा हात माझ्यापेक्षा हलका आहे. मी स्कूटरखाली झोपायचो आणि तुला बॅटरी धरायला बसवायचो. उजेड कधी माझ्या पान्यावर नसायचा. तुला जे बघायचं असेल तिकडे तो सरकायचा, कधी इंजिनकडे, कधी गिअरच्या वायरकडे. मी ओरडायचो, तू आणायचास, परत सरकायचा. आजी म्हणायची, हा पोरगा मोडून बघितल्याशिवाय राहणार नाही. शिलाई मशीन उघडलंस तेव्हा सगळे स्क्रू ओळीने कागदावर मांडून ठेवले होतेस आणि त्याखाली पेन्सिलीने कुठला कुठला ते लिहिलं होतंस. मी ते बघून काही बोललो नाही. मित्रांना मात्र वर्षभर सांगत होतो.

म्हणून माझं ऐकशील तर पैसे साठव. खाली घ्यायच्या वेगळ्या स्प्रिंगा येतात. त्या आखूड आणि थोड्या कडक असतात, पण चाक लटकलं तरी बशी सोडणार नाहीत अशा बेताने बनवलेल्या. त्यांच्याबरोबर जोडीचे शॉकअप घे. गाडी खाली बसली की चाकाचे कोन बदलतात, तेव्हा अलाइनमेंट लगेच कर, नाही तर टायर आतल्या बाजूने झिजून जातील आणि वरून दिसणारही नाहीत. हेडलाइटचा झोतही पुन्हा नीट लावून घे. तोवर आहेत त्या शॉकअपना तेल सुटलंय का ते पुसून बघ. तुझ्या गाडीच्या वयाला सुटलेलं असण्याची शक्यता आहे. आधी पैसे तिथे घाल. निम्मी मजा त्यातच परत येईल.

एवढं सांगूनही तू कापणारच असशील, तर स्ट्रट उतरवून भिंतीला पक्का बसवलेला कंप्रेसर असेल अशा गॅरेजात ने, मधला नट त्यांना सोडू दे. कंप्रेसरमध्ये दाबलेली स्प्रिंग तिथेही कापू देऊ नकोस, पूर्ण मोकळी झाल्यावरच. एका वेळी अर्धा वेढा, दोन्ही बाजूंना सारखा, आणि बसवून बघ. कापलेलं परत जोडता येत नाही.

पुढच्या महिन्यात मी येतोच आहे. तेव्हापर्यंत थांबलास तर बरं. आपण दोघं मिळून बघू.

तुझा,
बाबा

ता. क. मित्राला माझा निरोप दे, त्याच्यावर माझा राग नाही. पण गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाताना तुम्ही दोघंही फोटोत दिसलात. स्टँड लावा. नसेल तर आजच विकत घ्या, त्याचे पैसे मी देतो.