चित्र नाही, आवाज आहे

सिडको, नाशिक
13 सप्टेंबर 2025

प्रिय बाळ्या,

परवा तू फोन उचलला नाहीस ते बरंच झालं. उचलला असतास तर दोन मिनिटांत "नवा घे रे, कशाला डोकं लावतोस" म्हणून मोकळा झाला असतास. म्हणून सविस्तर लिहितोय.

अनंत चतुर्दशीच्या रात्री आमचा टीव्ही गेला. 43 इंची, 2018 च्या दिवाळीत घेतलेला. अण्णा मिरवणुका बघत बसले होते. भर ढोलाच्या ठेक्यात पडदा काळा झाला, ढोल मात्र वाजतच राहिला. प्लग काढून घातला, रिमोट तळहातावर आपटला, मागून दोन थापट्याही दिल्या (जुन्या डबड्याची सवय, या पातळ टीव्हीला काय कळणार). आवाज खणखणीत, चित्राचा पत्ता नाही. दुसऱ्या दिवसापासून आईने तो रेडिओसारखा लावायला सुरुवात केली. तिच्या मालिकेला चित्र लागतच नाही म्हणे. वाईट बाई दारात यायच्या आधी संगीतच चहाडी करतं. पण अण्णांचं तसं भागेना. उद्या रविवारी आशिया कपात भारत-पाकिस्तान आहे आणि त्यांना शेजारी जाऊन मॅच बघणं म्हणजे कमीपणा.

घरात लगेच तट पडले. पोरगा म्हणाला, 55 इंची घ्या, 22 तारखेपासून जीएसटी कमी होतोय. त्याचं खरं आहे. 32 इंचांपर्यंतच्या टीव्हीला आधीपासूनच 18 टक्के होता, आता मोठ्यांचाही 28 वरून 18 वर येतोय. मी पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला: आज 28 हजारांना मिळणारा 43 इंची साधारण 25,800 ला पडेल. म्हणजे 2,200 वाचतील. आई म्हणाली, पितृपक्ष चालू आहे, घरात खिळासुद्धा नवा येणार नाही. आणि घटस्थापना कधी? तीही 22 लाच! सरकार आणि पंचांग यांचं एवढं एकमत मी तरी कधी पाहिलं नव्हतं. अण्णा काही बोलले नाहीत. फक्त कॅलेंडरवर 14 तारखेला पेनाने गोल केला.

मग मी एका सर्व्हिस सेंटरला फोन लावला. त्यांचा माणूस आला, रिमोटची दोन बटणं दाबली, मागचा स्क्रूही न काढता म्हणाला, "डिस्प्ले गेला. पॅनेल 17 हजार. त्यापेक्षा नवाच घ्या." येण्याचे 500 घेतले. खरंच पॅनेल फुटलं असतं तर मीही त्याचंच ऐकलं असतं, कारण त्या टीव्हीत पॅनेलच सगळ्यात महाग. पण न उघडता सांगितलेलं मला पटेना.

बायकोच्या सांगण्यावरून शालीमारजवळच्या गल्लीत एका चाचांकडे घेऊन गेलो. चादरीत गुंडाळून, रिक्षात आडवा धरून. त्यांनी टीव्ही चालू केला, दुकानातला दिवा घालवला आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याला तिरका लावला. "वाकून बघा." मी वाकलो. बाळ्या, आत बातम्या देणारी बाई होती! फिक्कट, विहिरीच्या तळाशी असावी तशी, पण ओठ हलत होते. चित्र होतंच, मागचा उजेड तेवढा गेला होता. पॅनेलच्या मागे एलईडीच्या पट्ट्या असतात, आमच्यात तीन, एकेकीवर आठ दिवे. सगळे एका माळेत. चाचा म्हणाले, "एक मेला की सगळे बंद. सिरीज आहे ना."

आता सांग, हे मला कोणी समजावून सांगायला हवं होतं का? पंचवटीतल्या आपल्या मंडळाची तोरणं आठव. एक दिवा गेला की सगळी माळ काळी. तू चांगला दिवा हातात घेऊन एकेका होल्डरमध्ये लावून बघत जायचास आणि मी खाली स्टूल धरून. शेवटच्या वर्षी तू कंटाळून सिगारेटच्या पाकिटातली चांदी कोंबलीस, माळ लख्ख पेटली आणि चौथ्या दिवशी तीन दिवे एकदम गेले. तो शॉक माझ्या कोपराला अजून आठवतो.

म्हणून चाचांनी "मेलेला तेवढाच बदलला तर 800, तिन्ही पट्ट्या नव्या टाकल्या तर 2,600" म्हटल्यावर मी विचारच केला नाही. सगळ्या सारख्याच वयाच्या, एकीने जीव टाकला की बाकीच्या वाटेवरच. शिवाय एकच नवी लावली तर पडद्याचा तो भाग जास्त उजळ दिसतो. अडलो ते पुढच्या वाक्याला: "पॅनेल उचलताना गेलं तर माझी जबाबदारी नाही." त्याच्या कडेला कागदासारख्या रिबिनी असतात, एक ताणली की पडद्यावर उभ्या रेघा आल्याच. चहा होईपर्यंत तिथेच घुटमळलो. 2,600 घालून वर टीव्हीही गेला तर पोरगा दसऱ्यापर्यंत तोंडावर हसेल. पण बिघाड डोळ्यांनी दाखवणारा माणूस हात लावतोय म्हटल्यावर हो म्हटलं.

चाचांनी आणि त्यांच्या पोऱ्याने दोन्ही बाजूंनी पापड उचलावा तसं पॅनेल उचललं. मी श्वास धरून उभा. आतले पांढरे पडदे कडेने धरून बाजूला, पट्ट्या सोडवल्या, नव्या बसवल्या. पाऊण तासात ती बाई विहिरीतून वर आली. निघताना त्यांनी ब्राइटनेस 100 वरून 60 वर आणला. सात वर्षं आम्ही तो कंपनीतून आला तसाच भाजत ठेवला होता.

पोरगा अजून धुसफुसतोय, आणि त्याचंही चुकत नाही. टीव्ही जुनाच, निम्मी अ‍ॅप आता चालतच नाहीत. त्याला टीव्हीला लावून अ‍ॅप चालवायची एक स्टिक घेऊन देईन, पण 22 नंतर. अण्णांनी आज दुपारीच खुर्ची हलवून जागा ठरवून टाकली.

जुन्या पट्ट्या मी मागून घेतल्या. चोवीस दिवे, त्यातले तेवीस तरी जिवंत असतील. मेलेला कुठला ते चाचा दाखवत होते, मीच नको म्हटलं. दिवाळीला येशील तेव्हा मीटर घेऊन ये. स्टूल मी धरीन.

तुझा,
पप्या