हवालदारसाहेब, तुमचा रेनकोट आमच्याकडे आहे

हवालदारसाहेब,

सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाल्याचं चौकात आलेल्या नव्या मॅडमकडून कळलं. कुठल्या विभागात, ते त्यांनाही सांगता येईना. म्हणून हे पत्र असं उघडच लिहितोय, कुणाच्या तरी मार्फत पोचेल. नाव मुद्दाम घालत नाही. तुम्हीच एकदा म्हणाला होतात, "काका, नाव कुठं छापू नका, मग जो तो ओळख काढत चलन माफ करून घ्यायला येतो." सिंहगड रस्ता, विठ्ठलवाडीजवळचा चौक, बाहीवर तीन फिती आणि तोंडात शिट्टी धरूनही बोलता येणारा माणूस. एवढ्यावर तुम्ही स्वतःला ओळखाल.

मी वहीवाले काका. तुमच्या ट्रॅफिक वॉर्डननं ठेवलेलं हे नाव मला माहीत आहे, राग नाही. पुण्यात मुलाकडे यायच्या आधी एका नगरपालिकेच्या सभा विभागात मी एकतीस वर्षं लेखनिक होतो. सभेची कार्यपत्रिका काढायची, इतिवृत्त लिहायचं, सूचक-अनुमोदकांच्या सह्या घ्यायच्या आणि शोकप्रस्तावानंतर सभा तहकूब झाली की चहा विचारायचा. सांगायचं कारण पुढे येईल.

तुम्हाला मी पहिल्यांदा पाहिलं ते २५ जुलै २०२४ च्या सकाळी. खडकवासला धरणातून ३५ हजार क्युसेकनं पाणी सुटलं होतं, खाली एकतानगरीत घरांतून पाणी शिरलं होतं आणि आमच्या बाजूला रस्त्यावर नुसती गाड्यांची कोंडी. तुम्ही विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडून अनवाणी उभे होतात, बूट बॅरिकेडच्या टोकाला लेसनं टांगलेले. शाळेच्या एका व्हॅनला तुम्ही हातानं मागे ढकलत परत पाठवत होतात आणि आतली पोरं तुम्हाला टाटा करत होती. तेव्हा बोलणं झालं नाही. मी गॅलरीत होतो.

मग पुलाचा काळ. उड्डाणपुलाचं काम २०२१ मध्ये सुरू झालं तेव्हापासून आम्ही पत्र्यांच्या भिंतीशेजारून चालत होतो. राजाराम पुलाजवळचा पहिला टप्पा १५ ऑगस्ट २०२४ ला खुला झाला, विठ्ठलवाडी ते फनटाइम थिएटर हा पुढचा टप्पा १ मे २०२५ ला. वरून जाणाऱ्याला फार सोय झाली, ते कबूल करायला हवं, माझा मुलगाच वीस मिनिटं लवकर घरी येतो. पण पूल चढून जाणाऱ्याचा विचार करतो, खालून पायी जाणाऱ्याचा त्याला काही पत्ता नसतो. उतारावरून गाड्या सुसाट येतात आणि खाली सिग्नल दिसला की आधी जोर काढतात, मग ब्रेक लावतात.

त्याच मे महिन्यात आमच्या हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, रोज चालायचं. हिनं ठरवलं, चालायचंच आहे तर विठ्ठलवाडीच्या देवळापर्यंत चालेन. देऊळ रस्त्याच्या पलीकडे.

पहिला आठवडा ती रस्त्याच्या मध्यावर दुभाजकाला धरून उभी राहायची आणि मी रिक्षावाल्यांना हात करायचो. आठव्या दिवशी मी तुमच्याशी भांडलो. "साहेब, सिग्नलच्या अठरा सेकंदांत म्हाताऱ्या माणसानं काय उडत जायचं का?" असं काहीतरी बोललो. जरा जास्तच बोललो. आजूबाजूला माणसं थांबली. मला वाटलं, आता तुम्ही म्हणणार, वर जाऊन सांगा. तुम्ही शिट्टी काढलीत आणि विचारलंत, "काकूंना किती लागतात?"

मला माहीत नव्हतं. मी भांडायला गेलो होतो आणि आकडा घेऊन गेलो नव्हतो. एकतीस वर्षं कागदावर काम केलेल्या माणसाला याहून मोठी चपराक नाही.

तुम्ही म्हणालात, "आठ दिवस मोजा. फक्त काकू नाही, सगळे. काठीवाले, पोरं हाताशी असलेल्या बायका, शाळेची मुलं. वेळ लिहा. मग आपण बघू." तिथून वही आली. मुलाच्या मोबाईलवर स्टॉपवॉच लावून मी संध्याकाळी साडेपाच ते सात बसस्टॉपच्या कट्ट्यावर बसायचो. आमच्या हिचे सेकंद आले चौतीस. पाठीला दप्तर असलेली मुलं चौदा-पंधरात पलीकडे. पाटी डोक्यावर घेतलेली एक भाजीवाली बाई सव्वीस. तुम्ही मधेच येऊन वही बघायचात आणि म्हणायचात, "ह्या बाईचं दोनदा लिहा, ती सकाळी पण जाते."

वहीची शेवटची बेरीज घेऊन मी चार पानी अर्ज लिहिला. सिग्नल, पुसट झालेले झेब्रा पट्टे, बंद दिवा, वेग, सगळं त्यात. भाषा उत्तम होती, मीच सांगतो. तुम्ही उभ्या उभ्या वाचलात आणि म्हणालात, "काका, हा अर्ज फिरत बसणार. ह्याचे तीन करा. सेकंद किती ठेवायचे ते आमची वाहतूक शाखा बघते. पट्टे पथ विभागाचे. दिवा विद्युत विभागाचा. एका कागदावर तिघांचं काम असलं की प्रत्येक जण दुसऱ्याकडे वर्ग करतो."

"सदर अर्ज उचित कार्यवाहीसाठी वर्ग करण्यात येत आहे." हे वाक्य मी नोकरीत किती हजार वेळा टाईप केलं असेल! आणि तरी स्वतःवर आल्यावर तेच विसरलो. त्या रात्री मी तीन अर्ज लिहिले, प्रत्येकी एक पान. पोच घ्यायला मात्र विसरलो नाही.

तुमची सुट्टी असताना तुम्ही साध्या शर्टात अर्ज द्यायला माझ्याबरोबर कार्यालयात आलात, त्याचा उल्लेख करायचाच होता. तिथल्या तरुण कनिष्ठ अभियंत्यानं कॅल्क्युलेटर काढून आम्हाला हिशोब समजावला. रस्ता २२ मीटर, पायी माणसाचा वेग पुस्तकात सेकंदाला १.२ मीटर धरतात, भागाकार केला की अठरा. म्हणजे अठरा सेकंद कुणी निष्काळजीपणानं ठेवले नव्हते. पुस्तकातला माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो, आमची ही चालत नाही, एवढंच. मी गप्प झालो. तुम्ही त्याच्या टेबलावर वही उघडून ठेवलीत. तो पोरगा पानं उलटत राहिला आणि भाजीवाल्या बाईच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "ही दिवसातून दोनदा?"

गतिरोधकाचं प्रकरणही तुम्हीच निस्तरलंत. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ दोन ट्रॅक्टर खडी आणि डांबर स्वखर्चानं टाकायला निघाले होते. तुम्ही गेटवर येऊन त्यांना सांगितलंत की गतिरोधकालाही माप असतं, ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटीमीटर उंच. नुसता ढीग घातला की रात्री दुचाकीवाला पडतो आणि रुग्णवाहिकेतला माणूस आदळतो. ते गृहस्थ दोन दिवस रुसले. शेवटी उताराच्या पायथ्याला रंबलरच्या पट्ट्या आल्या. त्यांचा खडखड आवाज रात्री आमच्या बेडरूममध्ये येतो, आणि मुलगा त्याचं खापर माझ्यावर फोडतो.

सेकंद वाढायला नोव्हेंबर उजाडला. संध्याकाळी पाच ते आठ, तीस सेकंद. चौतीस का नाही, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही हसलात. पट्टे डिसेंबरच्या सुरुवातीला रंगले, निवडणुकीची आचारसंहिता लागायच्या जेमतेम आठवडाभर आधी. उरलेल्या चार सेकंदांचं काय केलंत, ते आमच्या घरात पाठ आहे. ही पलीकडे पोचेपर्यंत तुम्ही हात वर धरून ठेवायचात. सिग्नल हिरवा, मागे हॉर्नचा गोंधळ, आणि तुमचा हात वरच. एकदा मी मोजलं, तर पाच सेकंद झाले. एक जास्तीचा दिलात.

तुमचं सगळंच मला पटलं असं नाही. पार्सल पोचवणाऱ्या त्या पोराला तुम्ही भर चौकात जे बोललात, ते नको होतं. चूक त्याची होती, पण त्याच्या मोबाईलवर घड्याळ उलटं पळत होतं, ते आपल्यापैकी कुणी लावलेलं नव्हतं. आणि माझ्या मुलाला झेब्रावर चाक आलं म्हणून तुम्ही पाचशेचं चलन लावलंत, तेही आमच्याच अर्जावरून रंगवलेल्या पट्ट्यांवर! तो घरी येऊन माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. ते चलन मी भरलं, पावती वहीत चिकटवली आहे.

आता सत्काराचं. २ जानेवारी हा महाराष्ट्र पोलिसांचा दिवस, १९६१ साली याच तारखेला पंडित नेहरूंच्या हस्ते पोलीस दलाला ध्वज मिळाला. त्या दिवशी सोसायटीच्या मंडळींनी शाल, श्रीफळ आणि ट्रॉफी आणली होती. तुम्ही बंदोबस्ताचं कारण सांगून आला नाहीत. खरं कारण दुसऱ्या दिवशी वॉर्डन बोलून गेला. घरी कपाटात शाली आहेत नऊ, आणि त्या पांघरून उभं राहता येत नाही. वरिष्ठांकडे एखाद्या नागरिकाचं पत्र गेलं आणि त्यावर बक्षीस लागलं, तर त्याची सेवापटात नोंद राहते. शालीची कुठे राहणार?

मी त्याच रात्री वाहतूक शाखेच्या उपायुक्तांना पत्र लिहिलं, सोबत वहीच्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या. पोच आहे. पुढे काय झालं ते मला कळलेलं नाही, तुम्हाला कळलं असेल तर सांगा.

आणि आणखी एक केलं, ते तुम्हाला न विचारता. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली तेव्हापासून प्रशासकच कारभार पाहत होते, आम्हाला दार ठोठवायला नगरसेवकच नव्हता. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं, सभागृह भरलं. आमच्या प्रभागातल्या नगरसेवकाकडे मी एक कागद नेऊन दिला. जुना हात, राहवलं नाही. त्यात असं लिहिलंय:

"विषय: अभिनंदनाचा ठराव. या सभागृहाच्या निदर्शनास आणून देण्यात येते की, सिंहगड रस्ता येथे नेमणुकीस असलेल्या वाहतूक हवालदारांनी, रस्ता ओलांडणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांना प्रत्यक्षात किती सेकंद लागतात, हे नागरिकांकरवी मोजून घेतले व संबंधित विभागांच्या नजरेस आणले. तसेच जे चार सेकंद मंजूर होऊ शकले नाहीत, ते त्यांनी स्वतःच्या हाताने दिले. सबब, ही सभा त्यांचे अभिनंदन करीत आहे. सूचक: ........ अनुमोदक: ........"

नगरसेवक तरुण आहेत. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "काका, 'स्वतःच्या हाताने दिले' हे ठरावात चालतं का?" मी म्हटलं, एकतीस वर्षांत मी तरी असं लिहिलेलं नाही, पण इतिवृत्तात लिहू नये असा नियमही कुठे वाचलेला नाही. कागद त्यांच्या फाईलमध्ये आहे. कार्यपत्रिकेवर विषय आला की मी सभागृहाच्या गॅलरीत जाऊन बसणार आहे.

नव्या मॅडम चांगल्या आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी हिला विचारलं, "आजी, घाई आहे का?" ही म्हणाली, "मला नाही, ह्या गाड्यांना आहे." तुमच्या हाताचं मी त्यांना सांगितलं. त्या हात वर धरत नाहीत, मधे येऊन आडव्या उभ्या राहतात. चालतंय.

जूनच्या पहिल्या पावसात तुम्ही वॉचमनच्या केबिनमध्ये रेनकोट वाळत घातलात आणि तसेच गेलात. हिनं तो धुऊन, खिशातली शिट्टी वेगळी काढून, घडी करून ठेवलाय. डाव्या खांद्याची शिवण उसवली होती, तीही घातली आहे. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यानं आषाढी एकादशी २५ जुलैला येतेय. तारीख बघून ही म्हणाली, "दोन वर्षांपूर्वी ह्याच दिवशी ते अनवाणी उभे होते." विठ्ठलवाडीला त्या दिवशी रांग लागते, बंदोबस्त मोठा असतो, बाहेरच्या विभागांतूनही माणसं बोलावतात म्हणे. तुमचा पॉइंट तिथं लागला तर आम्ही दोघं सकाळी सहाच्या सुमारास पुलाखालून येतो. लागला नाही तर कुठं ते कळवा, रेनकोट घेऊन मी पीएमपीच्या बसनं येईन.

काकूंचा आशीर्वाद. चौतीसचे आता एकोणतीस झाले आहेत.

तुमचा,
वहीवाले काका